डॉ. द्वारकानाथ कोटणीस : दूरदेशीच्या रणभूमीवरील वैद्य
(हीरक महोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांपुढे झालेले भाषण)



चामराजपेटमध्ये मराठी शाळेत शिकणारे मूल घरात मराठी बोलते, रस्त्यावर पाऊल टाकताच कन्नड बोलू लागते. कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच भागात उभी आहे आणि तिच्या शेजाराने मराठीही येथे सुखाने नांदत आली आहे. आपल्या भाषेच्या मुलखाबाहेर माणसाने कसे राहावे, हा प्रश्न येथील कुटुंबांच्या नित्य परिचयाचा आहे. म्हणूनच आजच्या मंगल प्रसंगी अशा एका मराठी तरुणाचे स्मरण करणे उचित ठरेल, ज्याने या प्रश्नाचे उत्तर हजारो कोसांवरील युद्धभूमीवर दिले आणि त्याचे मोलही चुकवले. तो तरुण म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा ज्या गावाच्या बाजारपेठेत ऐकू येतात, त्या गावात त्यांचे बालपण गेले. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाचे बेत मनात घोळत होते. मध्यमवर्गीय घरातील कर्त्या मुलाचे आयुष्य ज्या वाटेने जाते, ती वाट त्यांच्यापुढे मोकळी होती.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनेला शस्त्रांइतकीच डॉक्टरांची वाण होती. सेनापती चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची मागणी केली आणि काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशवासीयांना आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या पीडित देशासाठी वर्गणी गोळा केली, ही गोष्ट आजही अभिमानाने सांगावी अशी आहे. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस असे पाच जण निवडले गेले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते.

कँटनला उतरल्यावर हे पथक हांकौ, यिचांग आणि चोंगचिंग अशी मजल मारीत १९३९ च्या आरंभी येनानला पोचले. येनानला पोचण्यापूर्वीच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली होती. घरी आई होती, भावंडे होती. परत जाण्यास कोणाचीही हरकत नव्हती आणि परत गेले असते तर कोणी नावही ठेवले नसते. तरी ते पुढेच गेले. या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच सोलापूरच्या घरानेही मोजली, हे त्यांचा गौरव करताना विसरता कामा नये. जो मुलगा आधार व्हायचा, तो पत्रांतूनच भेटत राहिला. दूरदेशी सेवेला गेलेल्या प्रत्येक माणसामागे असे एक वाट पाहणारे घर असते.

येनानहून ते उत्तर चीनमधील डोंगराळ आघाडीवर गेले. तेथे रुग्णालय म्हणजे शेतकऱ्याचे घर असे. शत्रूने कोंडी केल्यामुळे औषधांची चणचण सततची होती. युद्धाची आघाडी हलली की रुग्णालयालाही हलावे लागे. १९४० मधील एका दीर्घ लढाईच्या काळात कोटणीस सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत राहिले आणि त्या लढाईतील आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून याच प्रदेशात काम करीत असताना, शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. एव्हाना डॉ. चोळकर, डॉ. मुखर्जी आणि डॉ. अटल मायदेशी परतले होते, तर डॉ. बसू येनानला कार्यरत होते. आघाडीवर कोटणीसच उरले.

विद्यार्थिमित्रहो, त्यांच्या आयुष्यातील पुढचा भाग शाळेत विशेष सांगण्यासारखा आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले. ज्या लिपीत अक्षरागणिक नवे चिन्ह घोकावे लागते, ती लिपी त्यांनी प्रौढ वयात, जखमींच्या गर्दीतून वेळ काढून आत्मसात केली. ते चिनी भाषेतून बोलू लागले, व्याख्याने देऊ लागले आणि तरुण मुलामुलींना शल्यविद्या शिकवू लागले. एक शल्यवैद्य दिवसाकाठी किती जखमींना वाचवील? त्याने शिकवून तयार केलेले शिष्य मात्र गावोगाव पोचतात, हे त्यांनी ओळखले होते. शल्यविद्येचे एक पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केले आणि दुसरे हाती घेतले. तेथील लोक त्यांना के तिहुआ म्हणत. नावाच्या अखेरचा ‘हुआ’ म्हणजे चीन.

परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन.

संसाराचे हे सुख अल्पकाळचे ठरले. अपस्माराचे झटके कोटणीसांना काही काळापासून येत होते. विश्रांतीसाठी आघाडी सोडावी, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचे लेखन चालू असतानाच झटका आला आणि ९ डिसेंबरच्या पहाटे, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. पुत्र साडेतीन महिन्यांचा होता.

१९४६ साली व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघर पोचवले. रुपेरी पडद्यावर वीरमरण सहज उठून दिसते. खरे कोटणीस मात्र कोणत्या गोळीला बळी पडले नाहीत. आजारी देहाने रोजचे काम रोज करीत असता ते गेले. यिनहुआही वैद्यकाचाच विद्यार्थी होता. १९६७ मध्ये तोही ऐन तारुण्यात निवर्तला. क्वो चिंगलान पती आणि पुत्र यांच्या आठवणी उराशी बाळगून २०१२ पर्यंत हयात होत्या.

आज शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत कोटणीसांची समाधी आहे आणि पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाला लोक तेथे फुले वाहतात. त्याच शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा असून तेथील विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. सोलापुरातील त्यांच्या जुन्या घरीही स्मारक उभे राहिले आहे.

हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या या शाळेतील मुले उद्या डॉक्टर होतील, परिचारिका होतील, दूरदेशी जातील. जेथे जातील तेथील भाषा त्यांनी मनापासून शिकावी आणि जे येते ते तेथल्यांना शिकवावे. घरी वाट पाहणाऱ्यांना पत्र धाडायलाही विसरू नये. सोलापूरच्या या वैद्याला वाहिलेली तीच खरी श्रद्धांजली होईल.