सोळाव्या हिश्शाचे विमान

बीदरच्या मुलांना विमानाचे फारसे अप्रूप नसते. येथील हवाई दलाच्या तळावरून उडणाऱ्या विमानांचा घोष ऐकतच ती वाढतात. आकाशात कसरती करणारे 'सूर्यकिरण' हे पथक 1996 साली येथेच स्थापन झाले. 2011 पर्यंत ते 'किरण' विमाने उडवीत असे. 2015 पासून त्याच्याकडे 'हॉक' विमाने आली. तेव्हा माझ्या वर्गातील मुलांनी 'किरण'ची मोठी प्रतिकृती करावयाचे योजिले, त्या वेळी यांना विमान निराळे काय दाखवावयाचे, असेच मला वाटले.

मला हा छंद लागला तो नाताळातील गोठ्याच्या देखाव्यापायी. गोठ्यात मेंढरू बैलाएवढे झाले तरी कोणी तक्रार करीत नाही. प्रतिकृतीत ती मुभा नाही. आम्ही सोळास एक असे प्रमाण धरले. 'किरण'च्या पंखांचा विस्तार 10.7 मीटर, आमचा भरला सुमारे 67 सेंटिमीटर. येथे एक सेंटिमीटर चुकला, की मूळ विमानात सोळा सेंटिमीटर चुकले म्हणून समजावे! लाकूड घेतले पांगाऱ्याचे, हलके आणि तासावयास मऊ. तासणे, काचकागदाने घासणे, खाचांत लांबी भरणे, पुन्हा घासणे, यातच पावसाळा सरला.

रंगाची तऱ्हा आणखी निराळी. डब्यातला लाल रंग जसाच्या तसा दिला, तर विमान खेळण्यासारखे दिसते. दुरून पाहिलेल्या वस्तूचा रंग हवेमुळे फिकटलेला असतो. म्हणून त्यात किंचित पांढरा मिसळावा आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एक अबोल मुलगा म्हणाला, "सर, नाक चुकलंय. 'किरण'मध्ये दोघं शेजारी शेजारी बसतात."

त्याचे खरे होते. 'हॉक'मध्ये आसने एकामागे एक असतात. रोज दिसणाऱ्या त्या विमानाचे अरुंद नाक आम्ही 'किरण'ला बसविले होते. आणि आराखडा मीच पसंत केला होता. "अरे, कोणाच्या लक्षात येणार आहे?" मी म्हणालो. मुलगा काही बोलला नाही. नुसता विमानाकडे पाहत राहिला. अखेर मीच करवत मागितली.

कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आखलेले हे विमान 1964 साली प्रथम उडाले. त्यात शिक्षक शिष्याच्या शेजारी बसतो, ते त्याचे हात आणि चेहरा दिसावा म्हणून. आमचे विमान दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात मांडले गेले ते नव्या, रुंद, रंगावाचूनच्या नाकानिशी. बक्षीस मिळाले नाही. पण ते नाक पुढे त्या मुलानेच रंगविले, आणि मी त्याच्या शेजारी बसून पाहिले.