ऊन पाण्याचा चौक



आपल्या मावळात पावसाच्या पाण्याला तोटा नाही. पण ऊन पाण्याचे कुंड हवे, तर घाट उतरावा लागतो. सातिवलीपासून राजापुरापर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे. पालीजवळचे उन्हेरे त्यांतलेच. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटात तापते आणि क्षार घेऊन वर येते. त्याला सरपण लागत नाही. मग त्याच्यावर मालकी कोणी सांगावी?

परंतु झऱ्याला कुंड बांधले, की भोवती चौक होतो, देऊळ उभे राहते. वसई जिंकल्यावर, १७३९ नंतर, चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीचे देऊळ बांधविले. अकलोली व गणेशपुरीची कुंडे त्याच परिसरात आहेत. इतिहास बांधविणाऱ्यांची नावे सांगतो. चौकात पाऊल कोणी टाकावे, हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो.

त्याचे उत्तर एका कामगार पुढाऱ्याने मागितले, याचा आम्हांला अभिमान आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला: सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. कागदावरचा हा हक्क ओंजळीत यावा, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारोंसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला.

म्हणून आम्ही म्हणतो: कुंडाचा इतिहास सांगताना देवळाच्या सनाशेजारी हे सनही सांगा. दिवसभर ओझे वाहिलेल्या पाठीला ऊन पाणी लाभले, तरच तो चौक गावाचा.