हेराची गाडी

पडद्यावरच्या हेराला कोणती आलिशान गाडी शोभते? १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँडला अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ मिळाली आणि ती रुपेरी ऐट त्याला कायमची चिकटली. पण हेराचं काम नजरेत न भरण्याचं! शिरूरहून न्हावऱ्यामार्गे दौंडच्या चौफुल्याकडे ती गाडी निघाली, तर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकेल आणि पोरं गराडा घालून विचारतील, ‘कोणाचे पाहुणे?’ फुटलं गुपित! १९८३च्या ‘ऑक्टोपसी’त उदयपूरला याच बाँडला विजय अमृतराजच्या रिक्षातून निसटावं लागलं.

पडद्यावर मात्र अ‍ॅस्टन मार्टिनच हवी. खरा हेर जन्मभर अनोळखी राहतो, धुळीनं माखलेल्या जीपमधून येतो-जातो. त्याला न मिळालेला रुबाब आपण प्रेक्षक त्या गाडीत बसवतो.