दोन बाटल्या आणि एक बंद बाथरूम

आजचा एपिसोड केमिस्ट्रीचा आहे, पण घाबरू नका, परीक्षा नाहीये. विषय आहे तुमच्या बाथरूमच्या कोपऱ्यातल्या दोन बाटल्यांचा.

एक टॉयलेट क्लीनरची. लेबल वाचा, बऱ्याच ब्रँडवर हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं असतं. दुसरी ब्लीचची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. आता रूम सोडायची आहे, डिपॉझिट परत हवंय, डाग जात नाहीयेत. मनात येतं, दोन्ही एकत्र ओतू, डबल सफाई! थांबा. यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्र इथे शस्त्र म्हणून सोडला होता, तोच हा वायू.

असं का होतं? उत्तर आहे रासायनिक समतोल.

दादरला लोकल थांबते. वीस जण उतरले, वीस चढले. डब्यातली गर्दी तेवढीच, पण आतली माणसं बदलली. समतोल म्हणजे हेच. प्रक्रिया थांबत नाही, दोन्ही दिशांनी सारख्याच वेगाने चालू राहते.

क्लोरीन पाण्यात गेला की हायपोक्लोरस ॲसिड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड तयार होतं. आणि या दोघांपासून उलट क्लोरीनही बनतो. दोन्ही दिशा उघड्या! मग पारडं कुठे झुकणार, हे ठरवतो पीएच. मराठी मीडियमवाल्यांना 'सामू' आठवला असेल, तोच.

ब्लीच बनवताना क्लोरीन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सोडतात. कॉस्टिक सोडा हा बेस, म्हणजे आम्लारी. तो हायड्रोजन आयन खाऊन टाकतो, त्यामुळे क्लोरीन हायपोक्लोराइटच्या रूपात पाण्यातच अडकून राहतो. बाटली शांत.

आता त्यात ॲसिड ओतलं. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट फरक. ११ पीएचचं ब्लीच आणि १ पीएचचा क्लीनर, यांच्यातल्या हायड्रोजन आयनांमध्ये हजार कोटी पटींचा फरक! १८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ल शातलिए याने सांगितलं होतं की समतोलावर बाहेरून ताण आला, तर तो ताण कमी होईल त्या बाजूला समतोल सरकतो. इथे जास्तीचे हायड्रोजन आयन वापरले जातात आणि प्रक्रिया उलटी फिरते. क्लोरीन मोकळा! तो हवेत निसटतो, म्हणून परत समतोल साधायला पाण्यात उरतच नाही. अजून बनतो, अजून निसटतो.

मग करायचं काय? एका वेळी एकच बाटली. दुसरी वापरण्याआधी भरपूर पाणी ओता. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूही नको, तीही ॲसिडच. ब्लिचिंग पावडरलाही हाच नियम. आणि ब्लीचमध्ये अमोनियावालं क्लीनर मिसळलं, तर वेगळे पण तितकेच त्रासदायक वायू निघतात.

उग्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला सुटला, तर 'एवढं संपवून येतो' म्हणू नका. लगेच बाहेर पडा, मोकळ्या हवेत जा. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, त्यामुळे खाली बसून घासत राहणं सगळ्यात वाईट. श्वासाला त्रास होत असेल तर थेट डॉक्टरकडे. कधी कधी त्रास काही तासांनी वाढतो, म्हणून 'आता बरं वाटतंय' यावर विसंबू नका.

हा एपिसोड घरी साफसफाई करणाऱ्या प्रत्येकाला पाठवा. आईला, रूममेटला, कामाला येणाऱ्या मावशींनाही. बाटलीवरची बारीक अक्षरं त्यांना कुणी वाचून दाखवलेली नसतात. भेटू पुढच्या भागात!