विरजण आणायचं कुणाकडून?

श्रोतेहो, मी देवळाली कॅम्पची, पण आज बोलणार आहे निहाली भाषेबद्दल. बुलढाणा जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका आहे. तिथल्या सोनबर्डी, कुवरदेव अशा गावांत ती बोलतात. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार.

शेजारची कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्राविडी, मराठी आर्य. निहाली यांतल्या कुठल्याच घरची नाही. शब्द मात्र तिनं सगळ्यांकडून घेतले, कोरकूकडून तर भरपूर. दोन, तीन, चार हे आकडे द्राविडी, पाचापासून आपल्या वळणाचे. पण तळाशी डोळ्याला ‘जिकि’, पाण्याला ‘जोप्पो’ असे शब्द राहतात, त्यांचं सोयरं कुठे सापडत नाही. कुइपर या डच पंडितानं १९६२ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि ही चोरांच्या गुप्त बोलीसारखी असावी, अशी शंका काढली. मला नाही पटत. असो.

भाषेचं विरजणासारखं असतं. घरचं संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो. फाळणीनंतर आमच्या कॅम्पात सिंधी कुटुंबं आली. आता नातवंडं आजीला हिंदीतून उत्तरं देतात. वाईट वाटतं, पण त्यांना उल्हासनगरला वाटी नेता येईल, आणि सिंधमध्ये तर हंडेच्या हंडे आहेत. शिवाय १९६७ पासून सिंधी आठव्या अनुसूचीत आहे. निहालीला असा शेजारच नाही. पुन्हा सांगते, कारण हे कानाआड होतं: बहीणभाषा नाही, दुसरा गाव नाही. वाटी खरवडून झाली की जगात कुणाकडेच ते विरजण नाही.

चिलीत यागान भाषेत वाढलेली शेवटची बाई, क्रिस्तिना काल्देरोन, २०२२ साली गेली. तिनं शब्दकोश करून ठेवला होता. चांगलंच केलं. पण कोश म्हणजे विरजणाची कृती. कागदानं दूध विरजत नाही. दूध म्हणजे मुलं, आणि ती उबेला हवीत.

आणि आपण काय करतो? ‘ती कसली भाषा, बोली आहे’ म्हणून मोकळे! दहा हजारांहून कमी लोकांच्या भाषेचं नाव १९७१ पासून जनगणनेत वेगळं छापतही नाहीत. निहाल माणूस मात्र घरी निहाली, शेजारी कोरकू, बाजारात मराठी-हिंदी बोलतो. आपल्यातल्या किती जणांना चार भाषा येतात?

अंगणवाडीत काय करता येईल, तेही सांगायचं होतं. निहाली बोलणारी आजीच तिथे बसवली, तर… स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवताहेत. बरं, नमस्कार.