चिकटलं, म्हणजे ओळखलं का?



परिषदेच्या स्वागताध्यक्षानं आपल्या गावाचं गुणगान करावं असा रिवाज आहे. ते काम आज रात्रीच्या जेवणावर सोपवून मी थेट प्रथिनं आरएनएला कशी ओळखतात, याकडे वळतो.

डीएनएच्या दुपेडी गोफातली मोठी खोबण चांगली रुंद असते, प्रथिनाला तिथून अक्षरं वाचता येतात. आरएनएच्या दुपेडी भागात तीच खोबण खोल आणि इतकी अरुंद, की शिरकावच अवघड. मग प्रथिन घड्या, वेटोळी, फुगवटे यांचा आधार शोधतं. एचआयव्हीच्या ‘टार’ आरएनएत न जुळलेल्या तीन अक्षरांचा फुगवटा आहे. त्यानं खोबण सैलावते, ‘टॅट’ प्रथिनातलं आर्जिनीन आत शिरतं आणि आरएनएची ठेवणही बदलते.

मला मात्र खरी भुरळ घातली ती ॲलनीनच्या टीआरएनएनं. या-मिंग हौ आणि पॉल शिमेल यांनी १९८८ साली दाखवलं, की ई. कोलाय जीवाणूत त्याची ओळख मुख्यतः देठातल्या एकाच जोडीवर ठरते: ३ क्रमांकाच्या जागी जी, ७० क्रमांकाच्या जागी यू. हीच जोडी सिस्टीनच्या किंवा फिनाइलॲलनीनच्या टीआरएनएत बसवली, तर त्यांच्यावरही ॲलनीन चढतं. ॲलनीन चढवणारं एन्झाइम अँटिकोडॉनकडे ढुंकूनही पाहत नाही!

जी-यू ही नेहमीच्या नियमात न बसणारी जोडी. एन्झाइम तिचा मोकळा अमिनो गट ओळखतं, की तिच्यामुळे देठाला आलेला बाक, यावर पुढे वाद रंगला. २०१४ साली योकोयामा आणि सहकाऱ्यांनी स्फटिकरचना प्रसिद्ध केल्या. त्यांत जी-यूऐवजी ए-यू असलेला टीआरएनएही एन्झाइमला चिकटलेलाच दिसला. ॲलनीन जिथे चढतं, ते त्याचं सीसीए टोक तेवढं भलत्या वाटेला लागलं होतं. अभिक्रियेच्या जागी ते पोचलंच नव्हतं.

म्हणून यजमानाची एक आगाऊ विनंती. बंध किती घट्ट, हे नॅनोमोलरमधले आकडे जरूर मांडा. पण चिकटल्यानंतर पुढे काय घडलं, तेही सांगा. कुणी सांगितलं नाही, तर विद्यार्थ्यांनी त्यांना चहाच्या वेळी गाठावं. भित्तिपत्रं तळमजल्यावर आहेत, चहाही तिथेच आहे.

आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.