घरांत भरणारी मंडळी

देहू एका अंगास आणि आळंदी दुसऱ्या अंगास, अशा ह्या मुलुखांत आज पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखाने उभे आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडास महानगरपालिका झाली. चाकणच्या माळावर मोटारींचे मोठे कारखाने आले ते त्याहून पुष्कळ उशिरां. कामामागें माणूस आला. नगर जिल्ह्यांतून आणि मराठवाड्यांतून आला, तसाच केरळांतून, तमिळनाडूंतून आणि आंध्रांतून आला. त्यांत जे ख्रिस्ती होते त्यांनीं आपलें पवित्र शास्त्र ट्रंकेंत घालून बरोबर आणलें. मागें राहिली ती गांवची मंडळी.

ही उणीव रविवारच्या उपासनेनें भरून निघते, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण दोनतीनशें माणसांच्या उपासनेंत नवा मनुष्य मागच्या बांकावर बसतो, गीत गातो, उपदेश ऐकतो, दाराशीं पाळकसाहेबांना नमस्कार करतो आणि आपल्या भाड्याच्या खोलीवर परततो. पुढच्या रविवारीं तो तापानें अंथरुणास खिळला, तर तें कोणास कळत नाहीं. आणि त्याबद्दल कोणास दोषही देतां येत नाहीं. ज्याची कोणी वाट पाहत नाहीं, त्याची गैरहजेरी दिसावी कशी? आठवड्यांतील एखाद्या सायंकाळीं कोणाच्या तरी घरीं आठ-दहा जणांनीं जमावें, एक अध्याय वाचावा, त्यावर बोलावें, एकमेकांसाठीं प्रार्थना करावी, ही वहिवाट मंडळ्यांतून पडली ती ह्याच गरजेपोटीं.

ही वहिवाट कोणास अलीकडची वाटली, तर त्यानें नव्या करारांतील अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ह्या दांपत्याची आठवण करावी. दोघें तंबू करणारीं कारागीर. कैसर क्लौद्याच्या हुकुमानें रोम सोडावें लागलें म्हणून तीं करिंथास आलीं, आणि तेथून पुढें इफिसास गेलीं. अशा ह्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या जोडप्याच्या घरांतच मंडळी जमत असे. तंबूचें कापड भिंतीकडे सारूनच बसावयास जागा होत असावी. त्रोवसास तर तिसऱ्या मजल्यावर पौलाचें भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलें, आणि खिडकींत बसलेला युतुख नांवाचा तरुण झोंपेच्या भरांत खालीं पडला. रात्रपाळी करून बैठकीस येणाऱ्या कामगारास डुलकी लागली, तर बोलणाऱ्यानें ह्या तरुणाचें स्मरण करून आपलें भाषण आवरतें घ्यावें.

इंग्लंडांत १७४२ सालीं ब्रिस्टल येथें जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाचें कर्ज होतें. तें फेडण्यासाठीं बारा-बारा जणांचे गट पाडून प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी, असें ठरलें. वर्गणी गोळा करणारे घरोघर जाऊं लागले, आणि पेनीपेक्षां निराळ्याच गोष्टी त्यांच्या नजरेस आल्या: कोठें दारू शिरली होती, कोठें नवराबायकोंत भांडण होतें. वेस्लीनें ह्यांतलें मर्म ओळखलें, आणि वर्गणीच्या गटांना एकमेकांची विचारपूस करण्याचें काम लावून दिलें.

महाराष्ट्रांत मात्र घरगुती बैठकीपुढें एक प्रश्न असा उभा राहिला, कीं जो ब्रिस्टलला पडला नव्हता. बसावयाचें तें कोणाशेजारीं, आणि पाणी प्यावयाचें तें कोणाच्या हातचें? नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढें कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहिल्या. एकत्र राहूं लागल्यावरही कांहीं काळ त्यांनीं आपलें सोवळें सांभाळलें. १९०० सालीं त्यांचाही बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना ठाऊक आहे, कीं त्यांच्या मनांतील जातिभेदाची भिंत कोणा उपदेशकाच्या व्याख्यानानें पडली नाहीं. रोजच्या सहवासांत आणि त्यांच्या स्वतःच्या विचारानें ती खचत गेली. सहवासाला एवढें मोल आहे.

१९१७ मध्यें टिळक मिशनपासून मोकळे झाले आणि त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे सारे शिष्य तेथें एका पंक्तीस बसावेत, ही त्यांची इच्छा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते सांगत. तेव्हां देहूच्या शेजारच्या एखाद्या ख्रिस्ती घरांतून टाळांचा आवाज आला, तर त्यांत नवल तें काय? पण १९१९ सालीं टिळक वारले, आणि दरबार त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं. एकाच पुरुषाच्या तेजावर चालणाऱ्या कार्याचें बहुधा असेंच होतें. लहान बैठकींतही एकच जण बोलूं लागला आणि बाकीचे माना डोलवूं लागले, म्हणजे ती रविवारच्या उपदेशाची धाकटी आवृत्ति होते, आणि तीही फारशी चांगली नव्हे.

निरनिराळ्या प्रांतांचीं माणसें एकत्र असलीं, तर हें संकट बरेंचसें टळतें. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं ज्याला मूळ ग्रीकांत 'लोगोस' म्हटलें आहे, तो मराठी शास्त्रांत 'शब्द' आहे. हिंदींत 'वचन', मल्याळींतही 'वचन'च. तेलुगूंत 'वाक्य', आणि तमिळांत 'वार्त्तै'. मराठी कानाला वचन म्हणजे दिलेली भाक, वाक्य म्हणजे पुरा झालेला अर्थ, आणि वार्ता म्हणजे बातमी. त्या-त्या भाषेंत ह्या शब्दांच्या छटा निराळ्या आहेत, आणि शेजारीं बसलेला मलबारचा किंवा मद्रासकडचा मनुष्य ही चूक तत्काळ दुरुस्त करतो. त्या दुरुस्तींत अर्धा तास जातो, आणि लहानपणापासून पाठ असल्यामुळें ज्याकडे कोणी लक्ष देत नव्हतें तें वाक्य प्रथमच वाचल्यासारखें वाटतें. पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांवरून साध्या मराठींत बायबलचें भाषांतर करण्यांत आयुष्याचीं कित्येक वर्षें घातलीं, तीं सामान्य स्त्रियांनाही तें उमजावें म्हणून. १९२२ सालीं त्या निवर्तल्या. समग्र ग्रंथ १९२४ मध्यें केडगांवच्या मुक्ति छापखान्यांतून बाहेर पडला. असा ग्रंथ बैठकींत असावा, आणि ज्याला अडखळत वाचतां येतें त्याच्याही हातीं तो द्यावा. शाळेंत साठ मुलांच्या वर्गांत जो विद्यार्थी वर्षभर तोंड उघडीत नाहीं, तोच चारपांच जणांत बसवला कीं प्रश्न विचारूं लागतो. मोठ्या माणसांची गोष्ट ह्याहून निराळी नाहीं.

दोषांविषयीं मौन धरणें बरें नव्हे. गट आपोआप भाषावार पडतात, मग गांववार, आणि कोणी बोलून न दाखवतां जातवारही पडतात. मल्याळी घरें एकीकडे, मराठी दुसरीकडे, असें झालें म्हणजे वर सांगितलेला शब्दांचा सौदा बंद पडतो. प्रार्थनेसाठीं म्हणून विश्वासानें सांगितलेली घरची अडचण दुसऱ्या दिवशीं कंपनीच्या बसमध्यें ऐकूं आली, तर तो मनुष्य पुन्हा त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवीत नाहीं. आणि त्यानें ठेवूंही नये. यजमानीणबाईंवर दर खेपेस फराळाचें ओझें घालणारी बैठकही लवकर मोडते. चहा पुरे. मात्र तो सर्वांना एकाच पातेल्यांतून आणि एकसारख्या कपांतून मिळाला पाहिजे. ह्या प्रांतांत ही गोष्ट अध्यायाच्या अर्थाइतकीच महत्त्वाची आहे.

नव्यानें येणाऱ्यानें पाळकसाहेबांना आपली पाळी आणि खोलीचा ठिकाणा सांगून सर्वांत जवळचें घर विचारावें. जातांना स्वतःच्या भाषेचें शास्त्र बरोबर न्यावें. पहिल्या दिवशीं प्रार्थना मोठ्यानें केलीच पाहिजे असा नियम नाहीं, आणि कोठें तसा असल्यास तो मोडावा. एका बैठकीवरून मत बनवूं नये. तीन-चार वेळां जावें. बैठकीनेंही त्याची पाळी वहींत टिपून ठेवावी, म्हणजे तो रात्रपाळीस असेल त्या आठवड्यांत कोणी त्यास बोल लावणार नाहीं. आणि पाळी नसतांनाही तो आला नाहीं, तर त्याच रात्रीं कोणीतरी दोघांनीं त्याच्या खोलीवर जाऊन यावें, आणि जातांना झांकलेला डबा बरोबर न्यावा.